'रीड द रायट ॲक्ट' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उमेदवारीच्या काळात एका दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर मी इंग्रजी बातम्या मराठीत आणायचो. एका रात्री घाईघाईत मी लिहून मोकळा झालो : 'प्रशिक्षकाने खेळाडूंना दंगल कायदा वाचून दाखवला.' मुद्रितशोधकांनी त्यावर लाल पेनाने गोल केला आणि बाजूला एवढंच लिहिलं, 'मग दंगल थांबली का?' तेव्हापासून या वाक्प्रचाराचा नाद लागला. नंतर विद्यार्थ्यांनी, अनुवादकांनी आणि एकदोन वकील मित्रांनी जे प्रश्न वेळोवेळी विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

'टू रीड समवन द रायट ॲक्ट' याचा अर्थ काय?

अधिकारावरच्या माणसाने हाताखालच्यांना कडक शब्दांत ताकीद देणं. 'हे आता थांबवा, नाहीतर परिणाम भोगा', या चालीवरचं बोलणं. आई मुलांना, मुख्याध्यापक वर्गाला, साहेब कर्मचाऱ्यांना, पक्षाध्यक्ष बंडखोर आमदारांना 'रायट ॲक्ट वाचतात'. आज यात काहीही वाचलं जात नाही आणि दंगलीचाही संबंध नसतो.

म्हणजे 'झापणं'च ना?

बहुतेक शब्दकोश तिथेच थांबतात, आणि माझं भांडण नेमकं तिथेच आहे. झापणं, खरडपट्टी काढणं, बिनपाण्याने करणं ही सगळी झालेल्या गोष्टीची शिक्षा आहे. साहेबांनी खरडपट्टी काढली की विषय संपतो. आपण खाली मान घालून जागेवर येतो, चहा मागवतो. रायट ॲक्ट वाचला की विषय सुरू होतो. त्यात पुढचं काहीतरी टांगलेलं असतं : इथून पुढे असंच चाललं तर काय होईल, ते बोलणाऱ्याने सांगितलेलं असतं आणि घड्याळ चालू झालेलं असतं. हे घड्याळ म्हणजे माझी अलंकारिक भाषा नव्हे. मूळ कायद्यात ते खरोखरच होतं आणि बरोबर एक तासाचं होतं.

मग मराठीत काय लिहावं?

माझी पहिली पसंती 'निर्वाणीचा इशारा देणे'. त्यात शेवटचेपणाही आहे आणि पुढच्या परिणामाची सूचनाही. पण हा शब्द जरा भारदस्त आहे. स्वयंपाकघरात सांडासांड करणाऱ्या पोरांना आई निर्वाणीचा इशारा देत नाही, तिथे 'सज्जड दम भरला' जास्त शोभतं. 'तंबी देणे' ऑफिसपासून शाळेपर्यंत कुठेही चालून जातं. 'खडसावणे' बातमीच्या मथळ्यात बसतं, कारण ते आखूड आहे. 'कानउघाडणी' मात्र जपून वापरा. तिच्यात समजावणीचा, जरा मायेचाही भाग असतो आणि रायट ॲक्टमध्ये माया औषधालाही नव्हती.

'पाढा वाचणे' यात 'वाचणे' आहे म्हणून काहीजण ते सुचवतात. ते चुकीचं आहे. तक्रारींचा पाढा वाचणारा बहुधा गाऱ्हाणं मांडत असतो, हुकूम सोडत नसतो.

असा कायदा खरोखर होता का?

होता, आणि अडीचशे वर्षं होता. ब्रिटनच्या संसदेने केलेल्या या कायद्याचं पूर्ण नाव मराठीत साधारण असं होईल : 'गोंधळ आणि दंगेखोर जमाव रोखण्यासाठी आणि दंगेखोरांना अधिक त्वरेने व परिणामकारक शिक्षा देण्यासाठीचा कायदा'. एवढं लांब नाव कोण घेणार? लोक 'रायट ॲक्ट' म्हणू लागले.

तो आणावा का लागला?

१ ऑगस्ट १७१४ रोजी राणी ॲन वारली. तिच्या मुलांपैकी कोणी हयात नव्हतं. गादी जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्यातल्या जॉर्जकडे गेली, कारण तो प्रॉटेस्टंट होता. रक्ताच्या नात्याने जवळचा वारस होता जेम्स स्टुअर्ट, पण तो कॅथलिक म्हणून कायद्यानेच बाद. जॉर्जला इंग्रजी धड येत नव्हतं आणि देशात त्याच्यावर प्रेम करणारे थोडेच होते. ऑक्टोबरमध्ये त्याच्या राज्याभिषेकाच्या दिवशीच अनेक गावांत दंगे झाले. १७१५ च्या उन्हाळ्यात जमावांनी अधिकृत चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांची प्रार्थनाघरं पाडायला सुरुवात केली. स्टुअर्टपक्षीय, म्हणजे जॅकोबाइट, उठाव करणार अशी धास्ती होतीच, आणि सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडात तो झालाही.

तोवर साधी दंगल हा किरकोळ गुन्ह्यांत मोडायचा. सरकारला जमाव मोडून काढणारं हत्यार हवं होतं, आणि ते चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना नंतर कोर्टात कोणी खेचू नये अशी ढालही. या कायद्याने दोन्ही दिलं. तो लागू झाला १ ऑगस्ट १७१५ रोजी. जॉर्ज गादीवर आला त्याला त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं.

काही ठिकाणी १७१४ लिहितात, काही ठिकाणी १७१५. खरं काय?

दोन्ही. त्या काळी कायदा कधीही मंजूर झाला तरी तो अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासूनचा धरत. हे अधिवेशन सुरू झालं १७ मार्चला. आणि इंग्लंडात तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं! त्यामुळे आपल्या हिशेबाने १७१५ चा मार्च असला तरी त्यांच्या दप्तरी ते १७१४ साल होतं. गुढीपाडव्याला वर्ष बदलणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

वाचायचे म्हणजे अख्खा कायदा वाचायचे का?

नाही. जमावासमोर वाचायचा तो कायद्यात दिलेला एक जाहीरनामा, मूळ इंग्रजीत पन्नासेक शब्दांचा. त्याचा भावार्थ असा : 'आमचे सार्वभौम महाराज इथे जमलेल्या सर्वांना फर्मावतात आणि आज्ञा करतात की त्यांनी ताबडतोब पांगावं आणि शांतपणे आपापल्या घरी किंवा आपापल्या कायदेशीर कामधंद्याला निघून जावं, नाहीतर राजे जॉर्ज यांच्या पहिल्या वर्षी केलेल्या कायद्यातली शिक्षा होईल. देव राजाचं रक्षण करो.'

वाचण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेट, शेरीफ, मेयर अशांना होता. त्यांनी जमावात शिरून, किंवा सुरक्षितपणे जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन, आधी सगळ्यांना शांत राहायला सांगायचं आणि मग मोठ्या आवाजात वाचायचं. विटा फेकणाऱ्या लोकांना आधी 'शांतता राखा' म्हणायचं, हे कलम कुठल्यातरी खुर्चीत बसून लिहिलेलं आहे हे उघड आहे.

अख्खा कायदा मोठ्याने वाचण्याची सोयही होती, पण ती वेगळीकडे. मॅजिस्ट्रेटांच्या दर तिमाही बैठकीत तो जाहीरपणे वाचावा असं कायद्यातच लिहिलं होतं, म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला कोणाला जागा नको. 'वाचणे' हे क्रियापद या कायद्याला इतकं घट्ट का चिकटलं, त्यात याचाही वाटा असावा असं मला वाटतं.

आणि वाचून झाल्यावर?

जमलेले लोक बारा किंवा त्याहून जास्त असतील, तर त्यांना पांगायला एक तास मिळायचा. तास उलटल्यावरही बारा जण तिथे राहिले, तर तो गंभीर गुन्हा आणि शिक्षा मृत्युदंड. त्यानंतर जमाव पांगवताना कोणी मेला किंवा जखमी झाला, तर पांगवणाऱ्यांवर खटला नाही. हीच ती ढाल.

मृत्युदंडाला एक शेपूट होतं : 'बेनिफिट ऑफ क्लर्जी' मिळणार नाही. ही काय भानगड, असं हमखास विचारलं जातं. मध्ययुगात पाद्र्यांवर राजाच्या कोर्टात खटला चालत नसे. पाद्री कोण? तर ज्याला वाचता येतं तो. त्यामुळे आरोपीला बायबलमधलं वाचायला देत, बहुधा ५१ वं स्तोत्र, आणि वाचता आलं तर त्याची फाशी टळायची. लोक त्या ओळींना 'मानेचं कडवं' म्हणत. मराठीत हे किती सोपं आहे : ज्याला वाचता आलं, तो वाचला. वाचनाची ही परीक्षा १७०६ साली बंद झाली आणि सवलत सगळ्यांनाच खुली झाली. काही गुन्ह्यांसाठी मात्र संसद ती मुद्दाम काढून घ्यायची. रायट ॲक्टने ती काढून घेतली.

१८३७ साली मृत्युदंड जाऊन त्याजागी जन्मभराची हद्दपारी आली, म्हणजे काळं पाणीच.

अकरा जण असतील तर?

तर हा कायदा लागू नाही. इतर कायदे होतेच. बाराचा आकडा मात्र चिवट निघाला. ब्रिटनच्या १९८६ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टमध्ये 'रायट' ठरायला आजही किमान बारा माणसं लागतात.

वाचताना शब्द चुकला तर?

खटला पडू शकत असे. १८३० साली एका खटल्यात हेच झालं. जाहीरनामा वाचताना शेवटचं 'देव राजाचं रक्षण करो' राहून गेलं होतं, आणि तेवढ्यावरून रायट ॲक्टखालचा आरोप टिकला नाही. गळ्याशी दोर असताना न्यायालयं शब्दाला शब्द लावून बघत, हे बरंच म्हणायचं.

कोणी तो कागदच हिसकावला तर?

कायदा करणाऱ्यांनी हेही धरून ठेवलं होतं. वाचणाऱ्याला अडवणं हाही तितकाच गंभीर गुन्हा होता, आणि अडवल्यामुळे वाचन झालं नाही तरी, ज्यांना ते ठाऊक होतं त्यांनी तासाभरात पांगणं बंधनकारकच होतं.

कागद हिसकावल्याचा सर्वात गाजलेला प्रसंग ग्लासगोचा. ३१ जानेवारी १९१९, जॉर्ज स्क्वेअर. कामाचे तास कमी करा म्हणून संपावर गेलेले हजारो कामगार चौकात जमले होते. पोलिसांशी झटापट सुरू झाली. शेरीफ जाहीरनामा वाचायला उभा राहिला आणि गर्दीतून कोणीतरी त्याच्या हातातला कागदच ओढून घेतला.

जाहीरनामा वाचल्याशिवाय गोळीबार करता येत नसे, हे खरं का?

खरं नाही. पण लोकांचा, आणि त्याहून वाईट म्हणजे मॅजिस्ट्रेट आणि लष्करी अधिकाऱ्यांचाही हाच समज होता. त्या समजापायी लंडन जळलं.

जून १७८० मध्ये लॉर्ड जॉर्ज गॉर्डनच्या नेतृत्वाखाली प्रचंड मोर्चा संसदेवर गेला. कॅथलिकांना १७७८ साली दिलेल्या सवलती मागे घ्या, ही मागणी. त्यातून जे पेटलं ते आठवडाभर विझलं नाही. कॅथलिकांची घरं आणि प्रार्थनास्थळं गेली, न्यूगेटचा तुरुंग जाळून कैदी मोकळे केले, सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डचं घर ग्रंथालयासकट खाक झालं, बँक ऑफ इंग्लंडवर हल्ला झाला. सैनिक रस्त्यावर उभे होते, पण मॅजिस्ट्रेट सांगेपर्यंत हात उचलायचा नाही अशी त्यांची समजूत. आणि मॅजिस्ट्रेट पुढे यायला तयार नव्हते. कारण बारा वर्षांपूर्वीची आठवण ताजी होती : १७६८ मध्ये सेंट जॉर्जेस फील्ड्सवर, सरकारवर टीका करणाऱ्या जॉन विल्क्स या पुढाऱ्याच्या समर्थकांसमोर रायट ॲक्ट वाचणाऱ्या मॅजिस्ट्रेटला दगड लागला, गोळीबार झाला, माणसं मेली आणि नंतर त्या मॅजिस्ट्रेटवरच खुनाचा खटला भरला गेला. तो सुटला, पण धडा बाकीच्यांनी घेतला.

शेवटी ७ जूनला राजा तिसरा जॉर्ज याने प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्या सल्लागार मंडळात, थेट विचारलं. ॲटर्नी जनरल वेडरबर्नने सल्ला दिला की जाळपोळ डोळ्यांसमोर चालू असताना ती थांबवायला कुठलंही वाचन लागत नाही. मग सैन्य सुटलं आणि तीनशेच्या आसपास माणसं मेली. लंडनचा लॉर्ड मेयर ब्रॅकली केनेट या सगळ्या काळात हातावर हात धरून बसला होता. रायट ॲक्ट वाचला नाही म्हणून पुढे त्याच्यावर खटला होऊन तो दोषी ठरला. म्हणजे वाचला तरी खटला, न वाचला तरी खटला. त्या बिचाऱ्या मॅजिस्ट्रेटांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर होती.

हा गैरसमज पुढेही शंभरेक वर्षं टिकला. १८९३ साली यॉर्कशरमधल्या फेदरस्टोन इथे, खाणीवरच्या टाळेबंदीत, जाहीरनामा वाचून तास उलटायच्या आतच सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि दोघे मेले. लोक म्हणाले, तास कुठे झाला होता? लॉर्ड बोवेन यांच्या चौकशी समितीने स्पष्ट केलं : पांगायला नकार देणं हा गंभीर गुन्हा ठरण्यासाठी तास लागतो, पण त्या तासात जमाव जाळपोळ करू लागला, तर ती रोखायला थांबायचं बंधन नाही.

पीटर्लू हत्याकांडाच्या वेळी तो वाचला होता का?

मॅजिस्ट्रेट म्हणाले वाचला, जमाव म्हणाला ऐकलाच नाही. १६ ऑगस्ट १८१९, मँचेस्टर, सेंट पीटर्स फील्ड. मतदानाच्या हक्कासाठी साठेक हजार लोक, बायकामुलांसह, चांगले कपडे घालून जमले होते. व्यासपीठावर वक्ता हेन्री हंट. मैदानाकडेच्या एका घरात मॅजिस्ट्रेट बसलेले. त्यांच्यातल्या एथेल्स्टन नावाच्या पाद्र्याने खिडकीतून जाहीरनामा वाचला असं त्यांचं म्हणणं. तो इतका बाहेर झुकला होता की पडू नये म्हणून मागून एकजण त्याचा कोट धरायला सज्ज होता, असं सांगितलं जातं. कोट धरायला माणूस हजर, पण साठ हजारांत ऐकणारा मिळेना. आणि तास? तासाचा तर प्रश्नच नव्हता. घोडेस्वार तलवारी घेऊन घुसले, पंधराच्या वर माणसं गेली, शेकडो जखमी झाले.

'समोरच्याला ऐकू गेलं का' हा या कायद्याचा कायमचा दुखरा भाग होता. कानोकानी न पोचलेला इशारा हा इशारा म्हणायचा का?

शेवटचा कधी वाचला गेला?

इंग्लंडात १९१९ च्या ऑगस्टमध्ये, लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गावी, असं साधारण मानतात. गंमत म्हणजे तेव्हा संपावर गेले होते खुद्द पोलीस!

ते १९१९ साल विलक्षण आहे. जानेवारीत ग्लासगो. जूनच्या २१ तारखेला कॅनडातल्या विनिपेगमध्ये, सार्वत्रिक संपाच्या वेळी, मेयर चार्ल्स ग्रे यांनी रायट ॲक्ट वाचला, घोडेस्वार पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दोघे मेले. ऑगस्टमध्ये बर्कनहेड. आणि यांच्या मधोमध, १३ एप्रिलला, अमृतसर. तिथे काहीच वाचलं गेलं नाही.

जालियनवाला बागेचा याच्याशी काय संबंध?

कायदा वेगळा, तत्त्व तेच. रायट ॲक्ट ब्रिटनचा. हिंदुस्थानात भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता चालायच्या. पण 'आधी पांगायला सांगा, मग बळ वापरा' हा क्रम दोन्हीकडे होता. जनरल डायरने त्या दिवशी सकाळी शहरात दवंडी पिटवून सभाबंदी जाहीर केली होती, ती सगळीकडे पोचली नव्हती. संध्याकाळी बागेत शिरल्यावर त्याने 'पांगा' असा एक शब्दही न उच्चारता गोळीबार सुरू केला. १६५० फैरी, आणि सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ मृत्यू.

चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीत मुंबईचे नामांकित वकील सर चिमणलाल सेटलवाड होते, आणि डायरला त्यांनी घेतलेली उलटतपासणी इतिहासात राहिली. गोळ्या न झाडताही जमाव बहुधा पांगवता आला असता, हे डायरने समितीसमोर कबूल केलं. पण मग लोक परत आले असते, हसले असते आणि आपण मूर्ख ठरलो असतो, असं त्याचं म्हणणं. समितीच्या ब्रिटिश सदस्यांच्या बहुमताच्या अहवालानेही दोन गोष्टींवर बोट ठेवलं : इशारा न देता गोळीबार सुरू केला, आणि तो फार वेळ चालू ठेवला. सेटलवाड आणि इतर दोन भारतीय सदस्यांनी वेगळा, याहून कडक अहवाल दिला.

आपल्याकडचं १४४ कलम म्हणजे रायट ॲक्टच का?

नाही, जरी सगळे तसं सांगतात. १४४ म्हणजे आगाऊ मनाई, जमू नका. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच १६३ वं कलम आहे. (महाराष्ट्रात जमावबंदीचे आदेश बरेचदा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली निघतात, पण बातमीत '१४४ लागू' असंच छापून येतं. सवय!)

रायट ॲक्ट ज्याच्याशी जुळतो ते जुन्या प्रक्रिया संहितेचं १२९ वं कलम, नव्या संहितेत १४८ वं : जमलेल्या बेकायदेशीर जमावाला पांगण्याचा हुकूम द्यायचा आणि न ऐकल्यास बळ वापरायचं. आपल्याकडे आकडा पाचाचा, बाराचा नाही. तासाची मुदत नाही आणि ठरावीक मजकूरही नाही. त्यामुळे भोंग्यावरून 'पांगा, नाहीतर लाठीचार्ज करू' म्हणणारा आपला फौजदार रायट ॲक्टच वाचत असतो, फक्त कागदाविना.

कायद्याचा वाक्प्रचार कधी झाला?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घराघरातल्या दटावणीसाठी तो वापरात आलेला दिसतो. म्हणजे पीटर्लूच्या आगेमागे, जेव्हा खरा कायदा खऱ्या माणसांवर चालवला जात होता, तेव्हाच. कायदा मेला आणि मग गंमत सुरू झाली, असं झालं नाही. फाशीची भीती घालणारे शब्द लोकांनी मुलांच्या खोलीत नेऊन पोरांवर चालवले. भीतीची थट्टा करण्याची ही तऱ्हा आपल्यालाही परकी नाही; 'टाडा लावीन' म्हणणारे मास्तर आमच्या शाळेत होते.

आणि रद्द कधी झाला?

इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ च्या क्रिमिनल लॉ ॲक्टने, आणि उरलासुरला १९७३ च्या जुने कायदे काढून टाकणाऱ्या कायद्याने. कॅनडाच्या दंडसंहितेत मात्र जाहीरनामा वाचण्याची तरतूद अजून आहे, तिथे मुदत अर्ध्या तासाची. अमेरिकेतही बंडाळी मोडायला लष्कर वापरण्यापूर्वी राष्ट्राध्यक्षाने जाहीरनामा काढून लोकांना शांतपणे घरी जायला सांगावं लागतं. 'पांगा आणि घरी जा' हा सूर थेट रायट ॲक्टचा.

'रन रायट', 'रायट ऑफ कलर्स' यांचा या कायद्याशी संबंध आहे का?

नाही. 'रन रायट' शिकारीतून आलं : ठरलेल्या सावजाचा माग सोडून भलत्याच वासामागे धावणारे कुत्रे. रंगांची उधळण या अर्थीचा 'रायट' हा बेबंदपणाच्या अर्थातून निघाला. आपली 'दंगल' तरी कुठे एका अर्थाला बांधलेली आहे? एकीकडे जाळपोळ, दुसरीकडे कोल्हापुरातलं कुस्त्यांचं मैदान.

वापरताना कोणत्या चुका होतात?

पहिली, उच्चाराची. भूतकाळात स्पेलिंग तेच राहतं पण उच्चार 'रेड' होतो : 'शी रेड देम द रायट ॲक्ट'. 'रीडेड' नाही.

दुसरी, 'द' गाळण्याची. कायदा एकच होता, म्हणून 'द' हवाच. 'अ रायट ॲक्ट' म्हटलं की वाक्प्रचार मोडला.

तिसरी, दिशेची. हा वाक्प्रचार वरून खाली वाहतो. 'कर्मचाऱ्याने साहेबांना रायट ॲक्ट वाचला' हे फक्त विनोदात चालतं, किंवा साहेबांना खरोखर कोणाची तरी भीती असेल तर. घरातलं अर्थात वेगळं. आजीने आजोबांना वाचलेला चालतो, तिथे अधिकार कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं.

चौथी म्हणजे माझी. तिच्याबद्दल वर लिहिलं आहे. ती बातमी शेवटी 'प्रशिक्षकाचा खेळाडूंना सज्जड दम' अशी छापून आली, मथळा मुद्रितशोधकांचा.